प्रतिकृती आणि प्रामाण्य : एका रणगाड्याच्या लघुरूपाची समीक्षा

१

मराठीत वस्तूच्या आकाराचा भेद पुष्कळदा लिंगभेदाने व्यक्त होतो. गाडा आणि गाडी, सुरा आणि सुरी, हंडा आणि हंडी, डबा आणि डबी या जोड्या सर्वांच्या परिचयाच्या आहेत. परंतु त्या थोड्या बारकाईने पाहिल्या तर असे दिसते की, लहानमोठेपणा हा त्यांतील भेदाचा केवळ आरंभ होय. सुरीने भाजी चिरतात. सुरा उपसला म्हणजे प्रसंग निराळा होतो. हंड्यात पाणी भरतात, हंडीत अन्न शिजवतात. डब्यात धान्य राहते, डबीत तपकीर. आकार घटला की उपयोग पालटतो, आणि उपयोग पालटला की वस्तूची जातच पालटते, असा भाषेचा अनुभव आहे.

या पार्श्वभूमीवर एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. प्लॅस्टिकचे तुकडे जुळवून केलेला, वीतभरही न भरणारा रणगाडा पाहूनही मराठी माणूस त्याला ‘रणगाडी’ म्हणत नाही. तो रणगाडाच राहतो. फार तर ‘रणगाड्याचे मॉडेल’ असे म्हटले जाते, आणि ज्यांना या कलेचा छंद आहे ते तेवढेही म्हणत नाहीत. ‘गेल्या महिन्यात ली पुरा केला, आता शेरमन घेतला आहे’, अशी त्यांची भाषा असते. आकाराखेरीज काहीही बदललेले नाही, असा दावा या भाषेत गृहीत आहे. प्रस्तुत लेखात हा दावा एका विशिष्ट उदाहरणाच्या आधारे तपासून पाहण्याचा हेतू आहे. त्यासाठी दुसऱ्या महायुद्धातील अमेरिकी बनावटीचा एम-३ ‘ली’ हा मध्यम रणगाडा आणि त्याची पस्तिसाव्या हिश्शाच्या प्रमाणात जुळवून रंगवलेली प्रतिकृती, ही जोडी घेतली आहे.

खेळण्यावर इतका विचार खर्च करण्याचे प्रयोजन काय, असा आक्षेप येथे संभवतो. त्याला उत्तर असे की, मूळ वस्तूशी इमान राखण्याची प्रतिज्ञा जी कृती उघडपणे करते तिला त्या प्रतिज्ञेचा जाब विचारता येतो; मग ती कृती चरित्रग्रंथ असो, भाषांतर असो किंवा प्लॅस्टिकची गाडी असो. या विशिष्ट कृतीत तर मूळ वस्तू ही माणसे मारण्याचे आणि माणसे मरण्याचे स्थान होती. तेव्हा इमान राखले गेले की नाही, हा प्रश्न केवळ कौशल्याचा राहत नाही.

२

प्रतिकृतीच्या नामकरणाचा विचार आपल्याकडे फार पूर्वी झालेला आहे. पाणिनीने अष्टाध्यायीच्या पाचव्या अध्यायातील तिसऱ्या पादात असे सांगितले आहे की, ‘त्याच्यासारखे’ या अर्थी, आणि ती वस्तू प्रतिकृती असेल तर, मूळ नामाला ‘क’ हा प्रत्यय लागतो. घोड्यासारखी घडवलेली आकृती ती ‘अश्वक’. त्याच पादात पुढे एक अपवाद येतो. जी प्रतिकृती कोणाच्या उपजीविकेचे साधन आहे पण विक्रीची वस्तू नाही, तिच्या नावातून हा प्रत्यय लोप पावतो. म्हणून पूजेतील शिवाच्या मूर्तीला ‘शिवक’ म्हणावयाचे नाही, ती ‘शिव’च. पतंजलीने या स्थळी, द्रव्याच्या इच्छेने मौर्यांनी करवलेल्या मूर्तींचा जो उल्लेख केला आहे, तो संस्कृताच्या अभ्यासकांत प्रसिद्धच आहे.

या व्यवस्थेतील मर्म असे की, प्रत्यय ही एक कबुली आहे. ‘अश्वक’ म्हणणारा मनुष्य, हा घोडा नव्हे, हे शब्दातच मान्य करतो. ही कबुली केव्हा गाळता येते, याचा निर्णय पाणिनी प्रतिकृतीच्या हुबेहूबपणावर सोपवत नाही. दगडाची ओबडधोबड पिंडीही ‘शिव’ असू शकते आणि अत्यंत रेखीव विक्रेय मूर्तीलाही प्रत्यय सुटत नाही. प्रत्यय गळतो तो वस्तूशी जोडलेल्या संबंधामुळे, व्यवहारामुळे.

आता दुकानातील खोका हा निःसंशय ‘अश्वक’ या कोटीतला आहे. तो पण्य आहे. परंतु तोच खोका घरी येऊन शेकडो तुकडे कापून, घासून, चिकटवून, रंगवून झाले की छांदिष्ट प्रत्यय गाळतो आणि त्याला ‘ली’ म्हणू लागतो. हा अधिकार त्याला कोठून मिळाला? साक्षेपाने काम करणारे बहुतेक जण याचे उत्तर ‘अचूकपणातून’ असे देतील. या उत्तराची परीक्षा प्रथम केली पाहिजे.

३

एम-३ रणगाड्याचे उत्पादन ऑगस्ट १९४१ ते डिसेंबर १९४२ या काळात झाले. सर्व प्रकार मिळून ६,२५८ गाड्या बनल्या. मुख्य ७५ मि.मी.ची तोफ फिरत्या बुरुजात न बसवता उजव्या अंगाला, गाडीच्या मुख्य सांगाड्यातच बसवलेली, आणि तिच्यावर लहान बुरुजात ३७ मि.मी.ची दुसरी तोफ, अशी तिची विचित्र रचना होती. मोठी तोफ पूर्ण वळत नसे. तिला फार वळवावयाचे तर सबंध गाडीच वळवावी लागे. आत सहा किंवा सात माणसे असत. ब्रिटिशांनी आपल्या मागणीप्रमाणे वेगळा बुरुज बसवून घेतलेल्या रूपाला ‘ग्रँट’ आणि अमेरिकी बुरुज असलेल्या रूपाला ‘ली’ अशी नावे दिली. अमेरिकेच्या यादवी युद्धात परस्परांविरुद्ध उभे ठाकलेले हे दोन सेनापती. १८६५ साली ली ग्रँटला शरण गेला. पुढे दोघे एकाच गाडीच्या दोन बुरुजांची नावे होऊन बसले.

मूळ गाडीची लांबी ५.६४ मीटर, रुंदी २.७२ मीटर आणि उंची ३.१२ मीटर. पस्तिसाने भागल्यास या संख्या अनुक्रमे १६१, ७८ आणि ८९ मिलिमीटर अशा येतात. चांगल्या प्रतिकृतीवर फूटपट्टी ठेवली तर त्या बहुधा जुळतात, आणि येथवर अचूकपणाचा दावा खरा ठरतो. परंतु लांबी पस्तीस पटींनी घटते तेव्हा पृष्ठभाग १,२२५ पटींनी आणि घनफळ ४२,८७५ पटींनी घटते. मूळ गाडीचे वजन सुमारे २७ टन. त्याच हिशेबाने प्रतिकृतीचे वजन सुमारे ६३० ग्रॅम भरावयास हवे. पोकळ प्लॅस्टिकची गाडी त्याच्या जवळपासही जात नाही, आणि कोणाची तशी अपेक्षाही नसते. म्हणजे लांबीच्या बाबतीत केसभर चूक खपवून न घेणारा परीक्षक वजनाच्या बाबतीत पूर्ण मौन पाळतो. कोणत्या गुणांशी इमान राखावयाचे, याची निवड आरंभीच, न बोलता, झालेली असते.

पस्तीस हे प्रमाणही निसर्गदत्त नाही. जपानमधील शिझुओका येथील तामिया या कंपनीने १९६० च्या दशकाच्या आरंभी जर्मनीच्या ‘पँथर’ रणगाड्याचे मोटारीवर चालणारे मॉडेल काढले. आत विजेऱ्या आणि मोटार मावावी अशा बेताने त्याचा आकार ठरवण्यात आला. नंतर मोजून पाहता तो पस्तिसाव्या हिश्शाच्या आसपास निघाला, आणि पुढे तेच प्रमाण जगभर रूढ झाले, अशी हकीकत त्या कंपनीचे तत्कालीन प्रमुख शुनसाकू तामिया यांनी स्वतःच सांगितली होती. याउलट बहात्तरावे प्रमाण साध्या हिशेबातून येते : सहा फुटी मनुष्य त्यात एक इंचाचा होतो. महायुद्धकाळात अमेरिकी नौदलाने शाळकरी मुलांकडून या प्रमाणात विमानांचे हजारो नमुने करवून घेतले. विमान आपले की शत्रूचे, हे आकाशातील आकृतीवरून ओळखण्याचे शिक्षण त्यांवरून दिले जाई. त्या नमुन्यांना रंगछटांची गरज नव्हती. त्यांना छायाकृती हवी होती, आणि ती चुकली तर माणसे मरत. उपयोग स्पष्ट होता म्हणून इमान कोठे राखावयाचे हेही स्पष्ट होते. आजच्या छंदात उपयोगाचे ते बंधन सुटले आहे; त्यामुळे निवड अधिक मोकळी आणि अधिक जबाबदारीची झाली आहे.

आणखी एक भेद दृष्टीच्या कोनाचा. अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) येथे १९९४ साली स्थापन झालेल्या रणगाडा संग्रहालयात महायुद्धकाळातील मॅटिल्डा, व्हॅलेंटाइन, चर्चिल यांसारख्या गाड्या उभ्या आहेत. त्यांच्यापाशी जाऊन उभे राहिल्यावर जे प्रथम जाणवते ते हे की, मान वर करावी लागते. ली तर उंचीसाठी कुप्रसिद्धच होता. टेबलावरच्या प्रतिकृतीकडे मात्र आपण नेहमी वरून पाहतो. गाडीचे छत, मागचा इंजिनावरचा सपाट भाग, झाकणे, जे तिच्या सोबत चालणाऱ्या शिपायाला क्वचितच दिसत असे, तेच आपल्याला सर्वांत आधी दिसते, आणि कारागीरही आपले उत्तम काम तेथेच ओततो. ही दृष्टी विमानातल्या वैमानिकाची किंवा नकाशावर झुकलेल्या सेनापतीची आहे. लघुरूपाने आकार घटवला, त्याबरोबर पाहणाऱ्याचा हुद्दाही वाढवला.

४

अचूकपणाचा आग्रह धरणाऱ्या पंथाला छांदिष्टांच्या जगात थट्टेने ‘रिव्हेट मोजणारे’ म्हणतात. ली हा त्या पंथाला अत्यंत प्रिय असा विषय आहे, कारण त्याच्या मूळ प्रकाराचे चिलखती पत्रे खरोखरच रिव्हेटांनी जोडलेले होते.

ही थट्टा मला सर्वस्वी मान्य नाही. भाषाभ्यासकाला सूक्ष्म ध्वनिलेखन आणि स्थूल ध्वनिलेखन यांतील भेद ठाऊक असतो. कोणताही उच्चार कितीही बारकाईने टिपता येतो; परंतु कोणता बारकावा अर्थभेद घडवतो, हे ठरवल्यावाचून त्या टिपणाला शास्त्रीय मोल येत नाही. एम-३ च्या बाबतीत रिव्हेट हे असे भेदक लक्षण आहे. एम-३ ए-१ चा वरचा सांगाडा ओतीव होता, ए-२ आणि ए-३ यांचा जोड वितळजोडाचा होता; मूळ एम-३ आणि ए-५ हे रिव्हेटचे. तेव्हा रिव्हेट आहे की नाही, यावरून प्रकार ओळखता येतो. मात्र मूळ प्रकार आणि ए-५ यांतील भेद इंजिनाकडे पाहूनच ठरवावा लागतो. तेथे रिव्हेट मुका आहे. ली आणि ग्रँट यांतील भेद पुन्हा बुरुजात आहे. ही विरोधांची व्यवस्था ज्याने जाणली, त्याने रिव्हेट मोजणे हा अभ्यास होय. ज्याने जाणली नाही, त्याने ते मोजणे म्हणजे अर्थ न कळता पाठांतर करणे होय.

तथापि रिव्हेटाची खरी गोष्ट याहून निराळी आहे, आणि माझ्या मते या सबंध विषयाची किल्ली तेथे आहे. मूळ गाडीवरचा रिव्हेट हा पृष्ठभागावरचा उंचवटा नव्हे. तो पत्र्याच्या आरपार गेलेला असतो. बाहेरून गोळ्याचा तडाखा बसला की, चिलखत भेदले गेले नसले तरी, रिव्हेट तुटून त्याचे डोके आतल्या अंगाला बंदुकीच्या गोळीप्रमाणे उडे आणि आतल्या माणसांना जखमी करी अथवा ठार मारी. रिव्हेटजोडाचा हा दोष सर्वविश्रुत होता, आणि पुढच्या रणगाड्यांत ही पद्धत मागे पडण्याच्या कारणांपैकी ते एक होते. सोव्हिएत सैनिक या गाडीला सात जणांची सामाईक कबर म्हणत, असे सांगतात.

प्रतिकृतीवर रिव्हेट काय असतो? साच्यातून निघालेला एक ठिपका. तो कोठूनही कोठे जात नाही. त्याची बाहेरची बाजू आहे, आतली नाही. गंमत अशी की, गाडीच्या दर्शनी चिलखताची ५१ मि.मी. ही जाडी पस्तिसाने भागली तर जवळजवळ दीड मिलिमीटर येते, आणि बाजूच्या ३८ मि.मी.ची सुमारे एक मिलिमीटर. अशा मॉडेलांच्या प्लॅस्टिकची जाडीही साधारण तेवढीच असते. जाडी योगायोगाने जुळली. परंतु त्या जाडीचा अर्थ, म्हणजे बाहेरचे आत येऊ शकते ही भीती, जुळली नाही.

अलीकडे संपूर्ण अंतर्भागासह जुळवावयाची मॉडेलेही निघू लागली आहेत. युक्रेनमधील मिनिआर्ट या कंपनीने ली असाच काढला आहे. आसने, दारूगोळ्याचे साठे, चालकाचे दांडे, सारे त्यात आहे. हा प्रयत्न मला महत्त्वाचा वाटतो. बरेच छांदिष्ट आतले सारे काम रंगवून पुरे करतात आणि मग वरचे छत चिकटवून टाकतात; ते काम पुन्हा कोणाला दिसत नाही. बाहेरून पाहणाऱ्याला हे व्यर्थ श्रम वाटतील. परंतु या गाडीला आत आहे, एवढे तरी त्या मनुष्याने हाताने जाणलेले असते. ज्याच्या खोक्यात केवळ बाह्यांग आहे त्याला ही जाणीव विचारानेच आणावी लागते.

५

आता रंगाकडे वळू. छंदात सर्वाधिक कौतुक होते ते येथे, आणि सर्वाधिक असत्यही येथेच शिरते.

जुळणी पुरी झाली की प्रथम अस्तर, मग मूळ रंग, येथे ऑलिव्ह ड्रॅब म्हणजे पिवळी माती आणि काळा यांच्या मिश्रणातून निघणारा मळकट हिरवा, आणि त्यानंतर ‘जुनेपणा’ असा क्रम असतो. पातळ गडद रंग सांध्यांत सोडणे, जवळजवळ कोरडा कुंचला उंचवट्यांवरून फिरवणे, कडांना टवके दाखवणे, गंजाचे ओघळ ओढणे, कोरड्या रंगद्रव्याची धूळ बसवणे, अशा याच्या अनेक युक्त्या आहेत. या युक्त्यांना इतिहास आहे. १९७० आणि १९८० च्या दशकांत बेल्जियमचे फ्रान्स्वा व्हर्लिंडन यांच्या कामाने कोरड्या कुंचल्याची आणि गडद सांध्यांची पद्धत सर्वत्र पसरली. २००० नंतर स्पेनमधील मिग हिमेनेझ यांच्यासारख्या रंगकर्त्यांच्या प्रभावाने टवक्यांना, धुळीला आणि एकाच रंगातील उजेड-अंधाराच्या चढउतारांना महत्त्व आले. गाडी तीच, युद्ध तेच; परंतु १९८० साली रंगवलेली आणि २०१० साली रंगवलेली ली एकमेकींशेजारी ठेवल्या तर काळ ओळखू येतो. तो काळ १९४४ नसतो. कारागिराच्या पिढीचा असतो. तात्पर्य, ही एक भाषा आहे, तिच्यात रूढी आहेत, आणि प्रत्येक पिढी आपली रूढी म्हणजेच वास्तव असे समजते.

न्यायशास्त्राच्या परिभाषेत बोलावयाचे तर मूळ गाडीवरचा चिखल हे ‘लिंग’ आहे. धुरावरून अग्नीचे अनुमान व्हावे तसे चिखलावरून ओल्या वाटेचे, टवक्यावरून घर्षणाचे, ओघळावरून गळक्या झाकणाचे अनुमान होते. तेथे कार्यकारणसंबंध आहे. प्रतिकृतीवर असा संबंध नसतो. तेथे धूर रंगवलेला असतो. म्हणून रंगकर्त्यावर एक बंधन येते : ज्याचे कारण सांगता येत नाही असे कार्य त्याने दाखवू नये.

या कसोटीवर प्रदर्शनांतून आणि छायाचित्रांतून दिसणारी पुष्कळशी प्रशंसित कामे टिकत नाहीत. १९४४ च्या एप्रिलमधील ली घ्या. उत्पादनाची वर पाहिलेली मर्यादा लक्षात घेता ही गाडी त्या वेळी जास्तीत जास्त दोन वर्षे आठ महिन्यांची आणि कमीत कमी एक वर्ष चार महिन्यांची असणार. तिला चालवणारी माणसे तिच्यावर जिवाची भिस्त ठेवून होती. ती तिची निगा राखत. अशा गाडीच्या चिलखतावर वीस वर्षे उघड्यावर पडलेल्या भंगारासारखा गंज दाखवणे हे कालगणनेचेच अज्ञान होय. प्रमाणाचाही प्रश्न आहे. कुंचल्याचा एक मिलिमीटरचा टवका मूळ गाडीवर पस्तीस मिलिमीटरचा होतो. रंगाचा थर ०.०५ मि.मी. धरला तरी तो मूळ हिशेबात पावणेदोन मिलिमीटरचा भरतो. आणि त्यावर असे सहा-सात थर चढलेले असतात.

मग हा अतिरेक का होतो? मला असे वाटते की, येथे रंगकर्ता नकळत एक प्रतिस्थापना करत असतो. युद्धात जे क्षत होते ते माणसाचे शरीर. ते दाखवणे त्याला नको असते, शक्यही नसते, आणि कदाचित उचितही नसते. म्हणून सारे क्षत लोखंडावर उतरते. गाडी झिजते, सोलवटते, गंजते, रडते म्हणावे इतके तिच्यावरून ओघळ वाहतात. आणि तिच्या बुरुजात उभा असलेला सेनानी मात्र इस्त्रीच्या गणवेशात, तुकतुकीत चेहऱ्याने दूर पाहत असतो. अलंकारशास्त्रात याला लक्षणा म्हणता येईल : एकाची वेदना दुसऱ्यावर आरोपित केली आहे. लक्षणेला माझा आक्षेप नाही. परंतु लक्षणेत मूळ अर्थाकडे परत जाण्याची वाट शिल्लक राहावी लागते. जेथे गंजाचे सौंदर्य हेच साध्य होऊन बसते, तेथे ती वाट बुजते.

६

हा बुरुजातला सेनानी हाच आता विचारात घ्यावयाचा आहे. कमरेपासून वर दिसणारी, झाकणातून बाहेर आलेली एक आकृती, ही रणगाड्यांच्या अनेक मॉडेलांत खोक्यातच मिळते. ती बसवण्याचे कारण सामान्यतः असे सांगितले जाते की, त्यामुळे गाडीच्या आकाराची कल्पना येते. म्हणजे मनुष्य हा येथे मोजपट्टी म्हणून येतो.

ब्रह्मदेशाच्या आघाडीवरील ली रंगवणाऱ्याला नुनशिगुमची लढाई टाळता येत नाही. मणिपुरात इम्फाळच्या सपाटीवर नजर ठेवणारा हा डोंगर जपानी सैन्याने एप्रिल १९४४ मध्ये ताब्यात घेतला होता. १३ एप्रिल रोजी ब्रिटिश सैन्यातील ‘तिसरे कॅरॅबिनियर्स’ या रिसाल्याच्या ‘बी’ पथकाचे ली रणगाडे आणि सतराव्या डोगरा रेजिमेंटची पहिली पलटण यांनी त्यावर चढाई केली. रणगाडे या चढावर येतील अशी शत्रूची कल्पना नव्हती. धार इतकी अरुंद आणि उतार इतका तीव्र होता की, चालकाला आतून वाट दिसणे अशक्य होते; गाडी कडेवरून कोसळू नये म्हणून प्रमुखाने झाकणातून डोके बाहेर काढून त्याला सूचना देणे भाग होते. त्यामुळे प्रमुख एकामागून एक गोळ्यांना बळी पडले. पथकाचे सर्व अधिकारी मारले गेले किंवा जायबंदी झाले. डोगरांच्या ब्रिटिश अधिकाऱ्यांचीही तीच गत झाली. शेवटी पथकाचा सार्जंट-मेजर क्रॅडॉक आणि डोगरांचे सुभेदार यांनी मिळून चढाई पुरी केली आणि डोंगर जिंकला. त्या रिसाल्याचा वारसा सांगणाऱ्या ब्रिटिश रेजिमेंटमध्ये या दिवसाच्या स्मरणार्थ ‘बी’ पथकाची सूत्रे सार्जंट-मेजरकडे देण्याची प्रथा आहे.

हे ठाऊक झाल्यावर झाकणातून वर आलेली ती अर्धी आकृती मोजपट्टी राहू शकत नाही. नुनशिगुमच्या ली-मध्ये डोके बाहेर असणे हाच तो प्रसंग आहे. तेथे आकृतीची नजर क्षितिजाकडे असणे चूक. ती खाली, गाडीच्या पट्ट्याकडे आणि कड्याच्या धारेकडे हवी. तिचे तोंड उघडे हवे, कारण तो चालकाशी बोलत आहे. हे बदल रिव्हेटांच्या संख्येपेक्षा कितीतरी लहान आहेत. आकृतीची मान चाकूने कापून काही अंश वळवली की काम झाले. परंतु तेवढ्याने प्रतिकृतीचा अर्थ पालटतो. रिव्हेट मोजणाऱ्याच्या पोथीत या मानेचा कोन नसतो, आणि रंगपंथीयाच्या पोथीतही नसतो.

दुसरे न्यून असे की, एकाकी रणगाडा हा नुनशिगुमविषयी असत्य सांगतो. रणगाडे डोगरांच्या सोबतीने चढले. एकमेकांवाचून दोघांचाही निभाव नव्हता. खोक्यात गाडी मिळते. गाडीचे ब्रिटिश वा अमेरिकी चालकही मिळतात. शेजारून चालणारा हिंदी पायदळाचा शिपाई मात्र सहसा शोधून आणावा लागतो किंवा स्वतः घडवावा लागतो. मराठी वाचकाला हे रण परके नाही. याच मोहिमेत, मार्च १९४४ मध्ये, सांगशाक येथे मराठा लाइट इन्फंट्रीची चौथी पलटण लढली होती. यंत्राला नाव असते, क्रमांक असतो, रंगाची छटा असते, म्हणून त्याची प्रतिकृती करणे सोपे. पायी चालणाऱ्याची आठवण प्रतिकृतीत शिरत नाही ती त्याच्या अंगावर रिव्हेट नसतात म्हणून, असे काहीसे विषादाने म्हणावे लागते.

७

आता दोन आक्षेपांचा परामर्श घेऊन हे विवेचन आवरते घेतो. पहिला आक्षेप असा की, युद्धयंत्रांच्या सुबक प्रतिकृती करणे म्हणजे युद्धाचे उदात्तीकरण होय आणि म्हणून तो छंदच त्याज्य आहे. हा आक्षेप मला टोकाचा वाटतो. एका गाडीपाशी शे-दोनशे तास बसलेल्या मनुष्याला तिच्याविषयी जे कळते ते युद्धाची सनावळी पाठ केलेल्याला कळत नाही. तोफ पूर्ण वळत नाही, उंची लपत नाही, झाकण अरुंद आहे, सात माणसांना बाहेर पडण्यास वाट कोठे आहे, हे सारे त्याच्या बोटांना कळते. उदात्तीकरणाचा धोका या ज्ञानातून येत नाही. ज्ञान अर्ध्यावर सोडण्यातून येतो. दुसरा आक्षेप उलट बाजूचा : हा विरंगुळा आहे, त्यावर नैतिक ओझे लादू नये. याला उत्तर एवढेच की, विरंगुळ्यासाठी केलेल्या वस्तूला कोणी ‘रणगाडी’ किंवा ‘रणगाडक’ म्हणेल तर त्याच्याशी माझा वाद नाही. परंतु तो प्रत्यय गाळून मूळ नाव घेतो, आणि मूळ नावाबरोबर त्या नावाचे ऋणही येते.

तेव्हा समीक्षकाने अशा प्रतिकृतीला तीन प्रश्न विचारावेत, असे मी सुचवतो. जे तपशील राखले ते भेदक आहेत काय? जी कार्ये रंगाने दाखवली त्यांची कारणे सांगता येतात काय? आणि जे गाळले, ते गाळल्याची जाणीव कृतीत कोठे तरी, एखाद्या मानेच्या कोनात, एखाद्या मोकळ्या ठेवलेल्या झाकणात, शेजारी उभ्या केलेल्या एका पायदळ शिपायात, दिसते काय? पहिल्या प्रश्नाला आजचे बहुतेक चांगले काम समाधानकारक उत्तर देते. दुसऱ्याला थोडेच देते. तिसरा प्रश्न क्वचितच कोणी विचारतो.

हा तिसरा प्रश्न आपल्या स्वतःच्या शास्त्रालाही लागू आहे, हे नमूद केले पाहिजे. व्याकरण हीदेखील भाषेची लघुप्रतिकृतीच असते. बोलीचे वर्णन करताना आपण स्वनिम मोजतो, रूपे मांडतो, आणि पुष्कळदा बोलणारा मनुष्य त्या मांडणीत उदाहरणापुरताच, झाकणातून अर्धा वर आलेला असा, उरतो. पाणिनीने ‘अश्वक’ या शब्दात जी कबुली ठेवून दिली, ती आपल्या वर्णनांतही असावी : हे भाषेसारखे आहे, भाषा नव्हे. तो प्रत्यय केव्हा गाळावा याचा निर्णय काटेकोरपणाने एकट्याने होत नाही. वर्णन ज्यांचे आहे त्यांच्याशी आपला व्यवहार कोणता आहे, यावरही तो अवलंबून राहतो.